उंबर फोडून पाहताना
(रेडिओवरील भाषण)



इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निघालात की मानपूरचा घाट उतरून गुजरी लागते आणि मग आमचे धामनोद. इथे माळवा संपून निमाड सुरू झालेला असतो. आणखी थोडे पुढे गेलात की खलघाटला नर्मदामैया. धारला पवार घराण्याचे राज्य असताना तिथे जी मराठी घरे आली, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी, बाजारात निमाडी. त्यामुळे एकाच जिवाला आमच्याकडे दोन नावे आहेत, घरात अळी आणि शेतात इल्ली. ती कापसाच्या बोंडात शिरली की वर्षाची मेहनत मातीत जाते. पण हीच अळी रानात अडकलेल्या माणसाला जगवू शकते. आज तिची ही दुसरी बाजू मला सांगायची आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या शेतावर भिलाला जमातीचे एक आजोबा कामाला होते. एकदा त्यांच्यामागोमाग नाल्याकाठी गेलो. उंबराखाली पिकल्या फळांचा सडा पडला होता. त्यांनी एक फळ उचलले, दोन्ही अंगठ्यांनी फोडले, तळहातावर आपटले, फुंकर घातली आणि तोंडात टाकले. दुसरे फोडून माझ्या हातात दिले. मी आत पाहिले. लालसर गरात काळी केंबरे, म्हणजे बारीक किडे, वळवळत होती, काही अजून बाहेर पडायची होती. मी फळ टाकून दिले. आजोबा रागावले नाहीत. "तुला अजून भूक लागलेली नाही," एवढेच म्हणाले.

उंबराचे फळ म्हणजे आत मिटलेली शेकडो फुले. गांधीलमाशीच्या कुळातला एक चिमुकला कीटक त्यात शिरून अंडी घालतो. अळ्या त्या फुलांतच पोसतात आणि बाहेर पडणाऱ्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. हा कीटक नसेल तर उंबराला बी धरत नाही. दत्तगुरूंच्या या झाडाचे फळ ज्याने ज्याने खाल्ले, त्याच्या पोटात हा कीटकही गेला असणार. उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे आपली म्हण सांगते ते उगीच नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. आमच्या घरी पूजेला रेशमी मुकटा नेसत. रेशीम म्हणजे अळीने तोंडातून काढलेला धागा. जवळच महेश्वरला, अहिल्याबाईंच्या गावात, त्याच धाग्याच्या साड्या विणतात. कोश उकळला की आतला जीव मरतो. आपण धागा ठेवतो, तर आसामात एरी रेशमाच्या कोशातला जीव आवडीने खातात. आपले सोवळे आणि त्यांचे जेवण, दोन्ही कोशातूनच निघते. म्हणून मला वाटते, किळस ही आपण घरात शिकतो. ती जन्माबरोबर येत नाही.

गडचिरोलीत माडिया, पलीकडे बस्तरात गोंड पानांच्या घरट्यातल्या लाल मुंग्या अंडी-अळ्यांसकट मिरची-मीठ घालून वाटतात. मुंगीतल्या आम्लाने चटणीला आंबटपणा येतो. ओडिशातल्या सिमिलिपालच्या अशाच चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये सांगितले की जगात सुमारे 200 कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती 1900 हून अधिक आहेत.

मग खायच्या कीटकांत अळीच का? कारण अळीचे सारे आयुष्य बेगमी करण्यात जाते. कोशात गेल्यावर तिला काही खाता येत नाही, म्हणून आधीच ती अंगात चरबी आणि प्रथिने साठवते. आपण पावसाळ्याआधी कणग्या भरतो तसेच हे. भुकेल्या माणसाला ती भरलेली कणगी सापडते.

पण श्रोतेहो, दिसेल ती अळी उचलून तोंडात घालू नका. आमच्या रस्त्याकडेच्या रुईवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची देखणी अळी असते. रुईच्या चिकातले विष ती स्वतःच्या अंगात राखते. असे भडक रंग म्हणजे इशारा समजा. केसाळ सुरवंटाला हात लावू नका. उग्र वास मारणारी अळी सोडून द्या. फवारणी झालेल्या शेतातली नको, मेलेल्या जनावरावरची नको. कुजक्या ओंडक्यातली पांढरी अळी मिळाली तरी डोके आणि आतडे काढून निखाऱ्यावर नीट भाजा. कच्ची खाऊ नका, तिच्यात परजीवी असू शकतात. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांना कीटकही बाधू शकतात. आणि सगळ्यात आधी पाणी शोधा. अन्नावाचून माणूस काही आठवडे तगतो, पाण्यावाचून तीन-चार दिवस. पाणी नसताना प्रथिने खाल्ली तर ती पचवायला शरीर आहे तेवढेही पाणी खर्च करते.

म्हणजे रानात जीव वाचतो तो ओळखीने. नुसते धाडस तिथे पुरत नाही. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा छप्पनिया दुष्काळ पडला तेव्हा भिल्लांच्या वस्त्या उजाड झाल्या. त्यांतून जे तगले त्यांना रानाची जी काही ओळख होती, तिचाही आधार होता. ही ओळख कुठल्या शाळेत शिकवली जात नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या ताटाकडे पाहून आपण नाक मुरडले, तर ते आपल्याला सांगतील तरी कशाला?

ते आजोबा आता नाहीत. उंबर पिकले की मी त्या नाल्यावर जातो. फळ फोडतो, तळहातावर आपटतो, फुंकर घालतो आणि खातो. मग त्यांच्या नातवाला विचारतो, बाबा, आजोबांनी तुला अजून काय काय दाखवले होते? तो सांगतो, मी वहीत उतरवून घेतो.