लोखंड वांकलें, तें प्रथम कामकऱ्यानें पाहिलें
(फिटर बांधवांच्या सभेंत केलेलें भाषण)



शेती पुरेना, गांवचा भाता विझला, म्हणून आज आपल्या घरचीं पुष्कळ मुलें लोखंडी पूल व कारखान्यांच्या शेडी उभारण्याच्या कामावर जातात. पूल इंजिनियर बांधतो, असें जग म्हणतें. परंतु नकाशावरील रेघ प्लेटीवर आखणें, पंचानें खूण मारणें, भोंक पाडणें, गर्डर वर गेल्यावर भोंकाला भोंक मिळविणें, ओळंबा पाहणें आणि मग सांधा पक्का करणें, हें सारें फिटरचे हात करतात. खालीं आखणींत एक सूत चुकलें, तर वर भोंकें जुळत नाहींत. म्हणून लोखंडाला कांहीं विपरीत होऊं लागलें, तर तें प्रथम त्यालाच कळतें. त्याचें न ऐकिलें तर काय होतें, याची एक खरी हकीकत आम्ही सांगतों.

कॅनडा देशांत क्विबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पूल उभा राहत होता. मधला गाळा आधीं १६०० फुटांचा ठरला, पुढें तो १८०० फूट केला. पण वाढलेल्या वजनाचा हिशोब वेळीं नव्यानें केला नाहीं. १९०७ च्या ऑगस्टांत रिव्हेट मारणाऱ्यांना खालच्या तुळयांचीं भोंकें जुळेनात. एका तुळईचा बांक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. तरी कंपनीचे जाणते म्हणाले, हा बांक आधींचाच आहे. मुख्य सल्लागार इंजिनियर दूर न्यूयॉर्कला. लोखंड चढूं लागल्यापासून तो पुलावर एकदांही आला नव्हता. कामावरचा तरुण इंजिनियर त्याच्याकडे धांवला. २९ ऑगस्टला त्यानें तार केली कीं, पुलावर आणखी वजन चढवूं नका. ती तार गेली कंपनीच्या दूरच्या कचेरींत; पुलावर निरोप आलाच नाहीं. त्याच दिवशीं सायंकाळीं, सुटीच्या वेळेस, पूल कोसळला. ८६ माणसांपैकीं ७५ मेलीं. त्यांत ३३ जण काहनावाके या एकाच वस्तीचे मोहॉक लोक होते. घरचे सारे कर्ते पुरुष पुन्हां एका कामावर पाठवावयाचे नाहींत, असें तेथील बायांनीं ठरविलें, असें सांगतात. पुढें १९०८ सालीं चौकशी होऊन दोष नकाशा करणाऱ्यांचा व तपासणाऱ्यांचा ठरला. पण मेले ते हातोडेवाले!

बांधवांनो, ज्याच्या हातीं काम त्याच्या शब्दाला मोल नाहीं, हा रोग आपल्या देशांत फार जुना आहे. हातानें राबणाऱ्यास अक्षर शिकूं दिलें नाहीं, आणि अक्षरवाल्यानें हाताला माती लागूं दिली नाहीं. जोतीराव फुल्यांनीं शाळाही काढल्या आणि बांधकामाचे ठेकेही घेतले. विद्या आणि हात यांची फारकत त्यांनीं मानली नाहीं. तोच मार्ग आपला.

तेव्हां मुलाला फिटर करा, पण अंक व नकाशा शिकवून करा. मुलीलाही तेंच शिक्षण द्या. बापाच्या कामाचा कागद तिला वाचतां आला पाहिजे, आणि मनांत आलें तर तें काम करतांही आलें पाहिजे. आणि कामावर लोखंड वांकलेलें दिसलें, भोंक जुळेनासें झालें, तर जबरीनें ठोकूं नका. मोजा, तारखेसह लिहून द्या, त्याची पोंच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत सर्वांनीं मिळून खालीं उतरा. एकटा उतरला तर त्याला भित्रा म्हणतील. सगळे उतरले तर ऐकावें लागेल. एका दिवसाची मजुरी बुडेल, परंतु घर बुडणार नाहीं.