गुडघेदुखी आणि रोजचा व्यायाम

सोयाबीनची काढणी आली की नांदेड-लातूरच्या शिवारात दिवसभर वाकून काम चालतं. कंबर धरते, गुडघे दुखतात. गोळीने दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. सांध्याला आधार देणारे स्नायू मात्र व्यायामानेच बळकट होतात. त्यासाठी खुर्चीवर ताठ बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, मांडी आवळून पाच अंक मोजा, सावकाश खाली घ्या. दोन्ही पायांनी 10-10 वेळा करा. दुखणं वाढलं तर थांबा. सांधा सुजून ताप आला किंवा पाय बधिर झाला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम रोज करा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.