एक्स-रे क्लिअर, तरी दम का लागतो?
मी यवतमाळचा. बाबांची उमर जिनिंगमध्ये, कापसाच्या धुळीत गेली. आता जिना चढताना दम लागतो. एक्स-रे क्लिअर आला. बाबा म्हणाले, "पाह्य, काहीच नाही!" मीही मानलं. चुकलो.

एक्स-रे म्हणजे छातीची सावली. टीबी, निमोनियाचे डाग त्यात दिसतात, म्हणून तो हवाच. पण दमा, सीओपीडीत तो अनेकदा नॉर्मल येतो. सीटी स्कॅन छातीचे पातळ काप दाखवतो. कायमच्या रुंदावलेल्या श्वासनळ्या त्यात कळतात. पण रेडिएशन कितीतरी पट जास्त!

नळ्या आकसल्यात का, हे सांगते स्पायरोमेट्री. जोरात फुंकायचं, बस. बाबांचं तिथंच कळलं. तुम्हीही डॉक्टरांना विचारा, "फुंकायची टेस्ट करायची का?"