मागची स्प्रिंग आणि माणसाची पाठ



कामगार संघटनेच्या माणसाला मोटारीच्या स्प्रिंगांवर बोलायला उभे केलेले पाहून कोणाला नवल वाटेल. पण ज्यांची पाठ दिवसाचे आठ-दहा तास ड्रायव्हरच्या सीटवर असते, त्यांच्यात आम्ही वावरतो. शिवाय जुन्या फियाटवर मोठे इंजिन चढवू पाहणारी हौशी पोरे असतातच. अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. त्यांचा प्रश्न एकच : मागे काय बसवावे, म्हणजे बसणाऱ्याला सुख होईल?

शेजारच्या कुर्ल्यात बनलेल्या त्या फियाटला, पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले तिला, मागे पाटे होते. पाटा दोन कामे करतो. वजन पेलतो आणि ॲक्सल जागेवर धरून ठेवतो. म्हणून मऊपणासाठी एक पान काढून टाकण्याची युक्ती आम्हाला पसंत नाही. गाडी भरली की बॉडी रबरावर आपटते, आणि मोठ्या इंजिनाच्या पिळाने उरलेली पाने वाकतात. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. तिच्याबरोबर ॲक्सल धरणारे दांडे घालावेच लागतात.

सुखाचे गणित मात्र सोपे आहे. वजनाखाली स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी मिनिटाला सुमारे 60 वेळा झुलते. 5 सेंटिमीटरच दबली, तर 130 च्या वर. पहिले झुलणे माणसाला मानवते, दुसरे पाठीला लागते.

आता माहुलहून निघणारा तेलाचा टँकर घ्या. त्याचे पाटे भरल्या वजनाचे. जाताना तो बरा चालतो. परतताना रिकामा, तेव्हा तेच पाटे जेमतेम दबतात आणि प्रत्येक खड्डा ड्रायव्हरच्या मणक्यात जातो. हेल्पर पाटा असेल तर थोडे बरे. तो वजन चढल्यावरच टेकतो. हवेच्या पिशव्या याहून चांगल्या : वजनाप्रमाणे हवेचा दाब बदलतो आणि झुलण्याची लय फारशी बिघडत नाही. खर्च जास्त, हे खरे. पण पाटे निवडणाऱ्याची पाठ त्या सीटवर नसते, हेही खरे. युरोपीय संघाने 2002 साली कामगाराच्या अंगात शिरणाऱ्या कंपनाला 8 तासांच्या हिशेबाने मर्यादा घातली, ती काही उगीच नव्हे.

दोघाचौघांच्या फियाटला मात्र हवेच्या पिशव्यांची दगदग कशाला? इंजिन मूळचेच असेल तर पाटेच ठेवा. गंज काढा, झिजलेले रबरी बुश बदला, शॉक अब्सॉर्बर नवे घाला. निम्मे सुख तेवढ्यातच मिळते. इंजिन मोठे असेल तर कॉइल आणि चार दांडे. मात्र मागे अति मऊ करू नका. मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनियरने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिले की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित ताठ हवी. खड्डा मागच्या चाकाला उशिरा लागतो. मागची बाजू जरा जलद झुलली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचे डुलणे विरते.

दांड्यांचे ब्रॅकेट चेसिसला जोडायचे, ते हात बसलेल्या वेल्डरकडूनच. एक सुटला तर ॲक्सल तिरका होतो. आणि त्याआधी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचून आर.टी.ओ.त जाऊन या.