हिशेब कोणी मांडला?

(युसूफ वडगाव येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



'विज्ञानकथा आणि मानवजातीचे भवितव्य' हा विषय जाहीर झाल्यामुळे आज निदान एखादा धूमकेतू तरी येऊन आदळेल, या आशेने पुढच्या रांगेतील बालमंडळी आली आहेत, हे मला दिसते. (हशा) वेल्सपासूनचा या वाङ्मयाचा इतिहास आपणांस विदितच आहे. त्यात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि जिथे व्यासपीठ मिळेल तिथे मी ते सांगत आलो आहे, की पुष्कळांच्या जगण्यासाठी कोणा एकाचा बळी अटळ आहे असे जेव्हा आपणांस सांगण्यात येते, तेव्हा गहिवरून जाण्यापूर्वी तो हिशेब मांडणाराचे नाव विचारावे.

1954 साली टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही कथा प्रसिद्ध झाली. दूरच्या ग्रहावर तापाने आजारी पडलेल्या माणसांसाठी औषध घेऊन एक लहानसे यान निघाले आहे, इंधन काटेकोर मोजून दिलेले आहे, आणि भावाच्या भेटीच्या ओढीने एक अठरा वर्षांची मुलगी त्यात लपून बसली आहे. तिचा भार यानाला पेलणार नाही, म्हणून वैमानिक जड अंतःकरणाने तिला अवकाशात सोडून देतो. निसर्गनियमांना दयामाया नाही, हे कथेचे तात्पर्य. परंतु पडद्यामागची हकीकत अशी की, गॉडविन त्या पोरीला वाचवण्याची काही ना काही युक्ती काढून कथा पाठवी आणि संपादक जॉन कॅम्पबेल ती परत करी; म्हणजे तिच्या मरणाचा हुकूम गुरुत्वाकर्षणाचा नसून संपादकाचा होता! (हशा, टाळ्या) राखीव इंधन न देण्याचा आणि दारावर नुसती मनाईची पाटी लावून कुलूप न घालण्याचा निर्णयही त्या कथेत माणसांनीच घेतलेला आहे.

आपल्याकडे हे दालन दिवंगत जयंत नारळीकरांनी समृद्ध केले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिले पारितोषिक जगतापांना मिळाले! तेव्हा नावाचा मुलाहिजा न ठेवणारे परीक्षक आज किती आढळतील, हा प्रश्न मी अनेक संमेलनांत... असो. अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवले आहे. (हशा)

सांगायचे होते ते त्यांच्या 'पुत्रवती भव' या कथेविषयी. हवा तो पुत्र मिळवून देणारे शास्त्र हाती आले तर समाजाची काय गत होईल, हा तिचा विषय. महाराष्ट्राने गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा 1988 साली केला, केंद्राने 1994 साली केला. आणि तरीही 2011 च्या जनगणनेत या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या 807, राज्यात सर्वांत कमी. मागून एका गृहस्थांनी 'आमच्याच जिल्ह्याची बदनामी का?' असे विचारले. गृहस्थहो, आकडा सरकारी दप्तरातला आहे; माझा असता तर मी तो आनंदाने वाढवून सांगितला असता.

आता जे सांगतो त्याला कोणत्याही कल्पिताची गरज नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. आणि एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. फडात आडोसा नाही, कोपीत न्हाणी नाही, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, आणि पाळीच्या दिवसांतही हाच क्रम. मग 'पिशवीच काढून टाका' असा सल्ला मिळतो, आणि तो हिशेबात बसतो. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत या जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मानवजात ज्या अवयवातून पुढे चालते, तोच अवयव मजुरी बुडू नये म्हणून काढून टाकावा लागतो. याहून भीषण कथानक कोणत्या विज्ञानकथाकाराने रचले आहे?

'परिस्थितीपुढे इलाज नाही,' असे मुकादम म्हणतो, कारखानदार म्हणतो, डॉक्टरही म्हणतो. परंतु खाड्याची रक्कम कोणत्या निसर्गनियमाने ठरली? ती माणसाने ठरवली, म्हणून ती माणसाला खोडता येते.

वेळ संपल्याची दुसरी चिठ्ठी आली आहे. परग्रहवासीयांचा भाग पुढच्या वर्षी. (हशा) सभेत मुकादम आहेत, टोळ्यांतून नुकत्याच परतलेल्या भगिनीही आहेत. दोघांनाही माझी एकच विनंती आहे. हंगामापूर्वी उचलीचा कागद होईल, तेव्हा त्यात एक कलम जास्तीचे घालून घ्या: पाळीच्या आणि आजारपणाच्या रजेवर खाडा धरला जाणार नाही. हे कलम लिहिल्याशिवाय अंगठा देऊ नका.