टी पेशी, प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि आपला औषधनिधी

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे निवेदन वाचण्यापूर्वी त्यातील एका रकमेविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी आम्ही मागतो. ‘प्रत्यारोपित रुग्णांसाठी औषधे’ ही ती रक्कम. गतवर्षी याच सभागृहात एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले होते, “शस्त्रक्रिया यशस्वी झाली ना? मग वर्षानुवर्षे औषधे कशासाठी?” प्रश्न रास्त होता. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर. समाधानकारक उत्तर त्या वेळी देता आले नाही. नंतर मूत्रपिंड विभागातील डॉक्टरांजवळ बसून जे समजून घेतले, ते आज मांडतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक वर्ग आहे. ‘टी’ हे अक्षर थायमस या ग्रंथीवरून आले. छातीच्या मधल्या हाडामागे असणारी ही ग्रंथी बालपणी चांगली मोठी असते व वयात आल्यावर आक्रसत जाते. ती कशासाठी आहे, याचा उलगडा बराच काळ झाला नव्हता. १९६१ साली जॅक मिलर यांनी लंडन येथे नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली. ते उंदीर संसर्गाला सहज बळी पडू लागले. आणि नवल म्हणजे, परक्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर टिकून राहिली. आजच्या आपल्या विषयाचे मूळ या दुसऱ्या निरीक्षणात आहे.

टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येतात. तेथे प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एक ग्राहक रेणू घडविते. जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे जुळवून तो तयार होतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीचा ग्राहक निराळा. यानंतर परीक्षा. टी पेशीला अख्खा जंतू ओळखता येत नाही. शरीरातील पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे करून एचएलए नावाच्या रेणूंवर, जणू तबकात ठेवून, बाहेर मांडतात. टी पेशी ते तबक आणि तुकडा दोन्ही एकत्र पाहते. हे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ च्या सुमारास दाखविले आणि १९९६ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. थायमसमध्ये जिला स्वतःच्या शरीराचे तबक मुळीच ओळखता येत नाही, ती पेशी मरते. जी स्वतःच्याच तुकड्यांना घट्ट बिलगते, तीही बहुधा नष्ट केली जाते. काहींना मात्र इतर टी पेशींना आवरण्याचे काम मिळते. शंभरांतून जेमतेम दोन ते पाच उत्तीर्ण होतात. इतकी कडक भरती आमच्या कार्यालयात आजवर झालेली नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

उत्तीर्ण झालेल्यांपैकी काही पेशी विषाणूबाधित पेशींना ठार करतात, काही इतर पेशींना कामाला लावतात, तर काही आठवण ठेवून वर्षानुवर्षे राहतात. एचआयव्ही नेमका या कामाला लावणाऱ्या पेशींचा नाश करतो, म्हणूनच त्या रुग्णांना साधे संसर्गही भारी पडतात.

आता मूत्रपिंडाकडे येऊ. आईने मुलाला मूत्रपिंड दिले, तरी तिच्या एचएलएचा निम्माच वारसा मुलाकडे असतो. उरलेला निम्मा मुलाच्या टी पेशींनी थायमसमध्ये कधी पाहिलेलाच नाही. एखाद्या जंतूचा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखांत एखादी सापडते. परक्या एचएलएवर मात्र शंभरांतील एक ते दहा उठतात. यात त्यांची चूक काही नाही. त्या नेमून दिलेले कामच करीत असतात. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंड प्रत्यारोपण टिकले, कारण दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. बाकीच्यांसाठी औषधाचीच वाट होती. एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८४ मध्ये जपानमधील मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडले. ही औषधे टी पेशीला मारीत नाहीत. तिच्या आतील, ‘उठा’ असा निरोप देणारी वाट ती अडवून धरतात. औषध रक्तातून ओसरले की वाट मोकळी होते. वर्षानुवर्षे गोळ्या कशासाठी, याचे उत्तर एवढेच आहे.

हे उत्तर आम्हांला फार उशिरा उमगले. एका तरुणाला त्याच्या मातोश्रींनी मूत्रपिंड दिले. दोन वर्षे प्रकृती उत्तम होती. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा त्याने गोळ्या एक दिवसाआड घेण्यास आरंभ केला. त्रास काहीच जाणवत नव्हता, म्हणून कोणाला सांगितलेही नाही. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसले तोवर बरेच नुकसान झाले होते. आज तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो आणि मातोश्री बाहेर बाकावर बसून असतात. त्याच्या नोंदी आम्ही पुन्हा चाळल्या. प्रत्येक भेटीत शुल्क भरल्याची पावती होती. महिन्याच्या गोळ्या घेतल्या का, हे विचारल्याची नोंद एकाही भेटीत नव्हती. तो रकाना आमच्या कागदावरच नव्हता. कागद आम्ही आखलेला होता.

आता तो रकाना आहे. गोळ्या न घेतलेल्या रुग्णाच्या घरी दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी जातो. पैशांची अडचण असल्यास औषधनिधीतून गोळ्या दिल्या जातात. त्यासाठी रुग्णाला अर्ज, दाखले वा शिफारस आणावी लागत नाही. ही तरतूद आम्ही विश्वस्तांकडून आग्रहाने मागून घेतली.

देणगीदारांना एक विनंती आहे. यंत्रासाठी देणगी दिली की त्यावर नामफलक लागतो, आणि ते योग्यच आहे. गोळीवर नाव घालता येत नाही. शिवाय हा खर्च भांडवली नाही; दरवर्षी नव्याने उभा राहतो. म्हणून या निधीसाठी एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांची जबाबदारी आपण स्वीकारावी आणि शक्य असेल तर पुढील वर्षीही चालू ठेवावी. नातेवाइकांनाही सांगणे आहे : पैसे कमी पडले तर गोळ्या कमी करण्याआधी आम्हांला कळवा. औषधनिधीची खिडकी तळमजल्यावर, डायलिसिस कक्षाच्या शेजारी आहे.

आता जमाखर्चाचे निवेदन वाचतो.