उपाशी मातीचं वैभव



पीक पिवळं पडलं की आपण युरियाची गोणी फोडतो. शेतात ते ठीकच आहे. पण कुरणाला असा खुराक दिला तर काय होईल?

लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे वाफे पाडून निरनिराळी खतं घातली. चारा कशानं वाढतो, एवढंच त्यांना पाहायचं होतं. चारा वाढला, पण दोन-तीन वर्षांतच वाफ्यांचं रूप पालटू लागलं. प्रयोग अजून चालू आहे. बिनखताच्या वाफ्यात आज गवतं आणि फुलझाडं मिळून ४०च्या आसपास जाती नांदतात. जिथे अमोनियम सल्फेट भरपूर पडलं आणि चुना कधी पडला नाही, तिथे माती आंबट होऊन दोन-तीनच जाती उरल्या.

आंबट माती हे एक कारण. दुसरं म्हणजे सावली. नत्र मिळालं की उंच गवत फोफावतं आणि बुटक्यांचं ऊन अडवतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी खत घातलेल्या गवताच्या बुडाशी दिवे लावून पाहिले. प्रकाश पोचला, तशा बुटक्या जाती तगल्या. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं.

आता साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. जांभ्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा, त्यातलं नत्र पावसानं धुऊन गेलेलं. म्हणून दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते, तर सीतेची आसवं चिखलातल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. पावसाळ्यात खडकावर पाणी साचतं, दिवाळीनंतर सगळं कोरडं ठणठणीत. या ओढगस्तीत दांडग्या झाडांचा टिकाव लागत नाही, म्हणूनच या चिमुकल्यांना जागा मिळते. तिथे खत पडलं किंवा बंधारा घालून बारमाही पाणी साठवलं, तर लव्हाळ्यासारखी दांडगी झाडं जागा बळकावतील.

तेव्हा शेताचं खत शेताला, तेही लागेल तेवढंच. वाहून जाणारं खत ओढ्याकाठच्या गवतालाही माजवतं. आणि उघडा माळ दिसला की त्याला ‘सुधारायला’ निघण्याआधी भर श्रावणात तिथे गुडघे टेकून एकदा नीट पाहा. पडीक म्हणून सातबाऱ्यावर नोंदलेल्या जमिनीत किती बिऱ्हाडं आहेत, ते उभ्यानं दिसत नाही.